जनतेचं वकीलपत्र आणि तीन लेकी

मैत्रिणींनो, मुलगा कायदा शिकायला पुण्याला गेला, की घरची माणसं मनात किती मांडे खातात! वकील होईल, दारावर पाटी लागेल, चार माणसं सल्ला विचारायला येतील. बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातलं नाथ्रा हे लहानसं गाव. तिथल्या लिंबाबाई मुंडे यांचा गोपीनाथही असाच पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात दाखल झाला होता.

१२ डिसेंबर १९४९ चा त्यांचा जन्म. गावची शाळा झाडाखाली भरायची. १९६९ मध्ये वडील गेले. तरी आई आणि थोरले बंधू पंडितअण्णा यांनी शिक्षण थांबू दिलं नाही. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रमोद महाजनांशी मैत्री झाली, आणि पुढे महाजनांच्या बहिणीशी, प्रज्ञाताईंशी लग्न होऊन मैत्रीची सोयरीक झाली. आणीबाणी आली, आणि कोर्टाऐवजी तुरुंग पाहावा लागला. तिथून पुढे राजकारण सुटलं नाही. १९८० मध्ये ते रेणापूरहून आमदार झाले, १९८५ मध्ये हरले, १९९० मध्ये पुन्हा निवडून आले. १९९५ ते १९९९ राज्याचे उपमुख्यमंत्री होते आणि गृहखातंही त्यांच्याकडेच होतं.

पण बीडकर बायकांना ते आठवतात ते ऊसतोड कामगारांचे कैवारी म्हणून. दिवाळी झाली की इथली गावं ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको कारखान्यावर जातात. दोघं मिळून हिशेबात एकच ‘कोयता’! या माणसांची मजुरी वाढावी म्हणून साखर कारखानदारांसमोर मुंडे बसायचे. वकिली म्हणतात ती हीच की!

आता खरी गोष्ट ऐका. मुंड्यांना तिन्ही मुलीच. पंकजा, प्रीतम, यशश्री. आणि जिल्हा कोणता? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे जिथे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या, तो! राज्यात सगळ्यांत कमी. अशा जिल्ह्यात २००९ मध्ये मुंडे खासदार झाले, आणि परळीची आमदारकी थोरल्या लेकीकडे आली. घरात त्याची किंमत मोजावी लागली. पुतणे धनंजय दुरावले, दुसऱ्या पक्षात गेले.

२६ मे २०१४ ला मुंडे केंद्रात मंत्री झाले, आणि ३ जूनला दिल्लीत मोटार अपघातात गेले. दुसऱ्या दिवशी परळीत लाखोंच्या गर्दीसमोर पंकजाताईंनी वडिलांना अग्नी दिला. ‘मुलगा नाही, अग्नी कोण देणार?’ या प्रश्नानं आपल्यापैकी कितीजणींच्या घरी रडारड झाली असेल! त्याच वर्षी डॉक्टर असलेल्या प्रीतमताई जवळजवळ सात लाखांच्या मताधिक्यानं खासदार झाल्या.

पुढे सगळं गोडच झालं, असं मात्र नाही. २०१९ ला पंकजाताई परळीत धनंजय यांच्याकडूनच हरल्या, २०२४ ला लोकसभेला थोडक्यात पडल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा राज्यात मंत्री झाल्या. लेकीलाही जिंकणं-हरणं मुलासारखंच असतं, नाही का? आणि धाकटी यशश्री वकील झाली. वडिलांनी अर्ध्यावर सोडलेला काळा कोट असा लेकीच्या अंगावर आला.

तुम्ही म्हणाल, ‘मोठ्या घरच्या गोष्टी या, आमचं काय?’ बरोबर आहे. आपल्या लेकींमागे असं मोठं नाव नसतं. पण २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क दिलाय, तो तुमच्या-माझ्या घरालाही लागू आहे. तेव्हा भावाला वाईट वाटेल म्हणून हक्कसोडपत्रावर मुकाट्यानं सही करण्याआधी कागद नीट वाचा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. आणि लेकीला निदान तेवढं वाचता येईल, विचारता येईल, इतकं तरी शिकवाच.