हरितलवकातील जनुक-बदल आणि आपला ऊस



कारखाना उसातली साखर काढतो; ती बनते मात्र पानात. पानाच्या पेशीतले हिरवे कण, म्हणजे हरितलवके, उन्हाच्या बळावर हे काम करतात.

बीटी कपाशीत नवा जनुक पेशीच्या केंद्रकात घातलेला असतो. पण हरितलवकांनाही स्वतःचे जनुक असतात आणि एका पेशीत त्यांच्या हजारो प्रती असतात. तिथे नवा जनुक बसवला की त्याचे काम जोरात चालते. २००१ साली तंबाखूच्या पानात कीडनाशक बीटी प्रथिन विद्राव्य प्रथिनांच्या ४६ टक्क्यांपर्यंत गेल्याचे दिसले. दुसरा फायदा असा की, बहुतेक पिकांत हरितलवके आईकडूनच येतात, परागातून नाही. त्यामुळे शेजारच्या रानात नवा जनुक पसरण्याची धास्ती फार कमी.

यासाठी सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुक लेपून ते यंत्राने पानावर मारतात. तंबाखूत हे १९९० साली साधले. उसाच्या हरितलवकाचा पूर्ण जनुकसंच २००४ साली वाचून झाला. पण ऊस पडला गवताच्या जातीचा. प्रयोगशाळेत ज्या पेशींपासून त्याची रोपे वाढवतात, त्यांत हरितलवके पुरती तयार झालेली नसतात. तिथेच गाडे अडते.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, हरितलवक बदललेला ऊस अजून कोणाच्याही शेतात आलेला नाही. तसे सांगून कोणी जादा भावाने रोपे देऊ लागला, तर पैसे मोजण्याआधी शेतकी खात्यात विचारा. तोवर शिफारस केलेल्या वाणाचे, बेणेमळ्यातले निरोगी बेणेच लावा.