तापली तरी जागची न हलणारी काच

पुणे ते बेंगळुरू रस्त्याने साधारण 840 किलोमीटर. तेवढी लांब पोलादी सळई आहे असं धरा आणि ती फक्त 10 अंशांनी तापवा. सळई 100 मीटरने वाढेल. तीच सळई मोठ्या दुर्बिणीच्या आरशाला लागणाऱ्या ग्लास-सिरॅमिक काचेची केली तर? फार तर 17 सेंटीमीटर. वीतभरसुद्धा नाही.

बेंगळुरूहून कोलारच्या वाटेवर होसकोटे लागतं. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेने डिसेंबर 2020मध्ये अशाच काचेला पॉलिश करण्याचा कारखाना उघडला. 30 मीटर व्यासाच्या टीएमटी दुर्बिणीसाठी 492 षटकोनी आरसे लागणार. त्यातले ऐंशीच्या वर भारताच्या वाट्याचे. काच जपानच्या ओहारा कंपनीची. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्थाही या प्रकल्पात आहे. दुर्बीण उभारायची कुठे, हे भांडण वर्षानुवर्षं चाललंय. ते राहू द्या, आपण काच बघू.

काच तापली की फुगते, म्हणून तर उकळता चहा ओतला की पेला टिचतो. पण लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचा एक स्फटिक उलट्या स्वभावाचा, तापल्यावर आक्रसतो. काचेत हे स्फटिक सत्तरेक टक्के भरले की काचेचं फुगणं त्यांच्या आक्रसण्यात जिरतं. खरी मेख स्फटिकाच्या दाण्याच्या आकारात आहे. दाणा हवा 50 नॅनोमीटरच्या आसपास. दृश्य प्रकाशाची लहर 400 ते 700 नॅनोमीटरची. दाणे तिच्यापेक्षा बरेच लहान राहिले तरच काच पारदर्शक राहते. त्यासाठी वितळलेल्या काचेला टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या ऑक्साइडांचं विरजण लावतात. त्यातून स्फटिकांची बीजं तयार होतात; बीजं जितकी जास्त, तितके दाणे बारीक. मग भट्टीचं तापमान सांभाळत बसायचं. जरा जास्त तापली की दाणे फोफावतात, स्फटिकाची जात बदलते, काच दुधासारखी पांढरी पडते आणि पुन्हा फुगायला लागते.

हे दाणे किती? एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात, सुमारे 56 कोटी कोटी. जगातल्या 800 कोटी माणसांत वाटले तर माणशी 7 लाख. आणि 1.44 मीटरचा, 45 मिलिमीटर जाडीचा अख्खा आरसा धरला तर 34 लाख कोटी कोटी. सगळे जवळपास एका मापाचे!

स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीची काळी काच बहुतेक वेळा याच घराण्यातली असते. तापलेली असताना गार पाणी सांडलं तरी ती सहसा टिचत नाही. पातेलं मात्र आपटू नका, फुटते.