बैल छापाचे पेट्रोल

कोल्हापुरातली जुनी माणसे पेट्रोल भरायला पाठवताना कंपनीचे नाव घेत नाहीत. ‘संघाच्या पंपावर जा’, एवढेच सांगतात. हा संघ म्हणजे शेतकरी सहकारी संघ. 1939 साली तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला, ‘बैल छाप’ शिक्क्याने घराघरांत पोचलेला. खत, बियाणे, औषधे आणि त्याच ओळीत पेट्रोल-डिझेल. पंपावर फलक तेल कंपनीचाच असतो. गिऱ्हाईक मात्र बैलाकडे बघून गाडी वळवते.

हा हट्ट वरवर पाहता निरर्थक वाटतो. पेट्रोल संघ बनवत नाही. या भागातले इंधन मिरज, हजारवाडीसारख्या डेपोंतून टँकरने येते आणि सोयीप्रमाणे कंपन्या एकमेकींचा मालही उचलतात. तेव्हा ‘अमक्या कंपनीचे पेट्रोल गाडीला मानवते’ हे बोलणे बहुतेक वेळा मनाचे समाधान असते. दराचेही तेच. जून 2017 पासून दर रोज बदलता येतो खरा, पण शेजारशेजारच्या दोन पंपांवर फरक असतो तो पैशांचा. विक्रेत्याचे कमिशनही ठरलेले. मग निवडायला उरते काय? माप आणि भेसळ. आणि या दोन्ही गोष्टी कंपनीच्या फलकावर नाही, तर नळी धरणाऱ्या माणसावर आणि त्याच्या मालकावर अवलंबून असतात.

माप तपासायची सोय प्रत्येक पंपावर असते, मागणारे थोडे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे धातूचे माप, वर अरुंद मान, मानेवर खुणा. ते आधी एकदा भरून रिकामे करायचे, कारण कोरड्या मापात थोडे तेल आतल्या भिंतीलाच चिकटते. मग सपाट जागी ठेवून भरायचे, फेस बसू द्यायचा आणि डोळा खुणेच्या रेषेत आणून वाचायचे. पाच लिटरला 25 मिलिलिटर इकडेतिकडे चालते, म्हणजे चहाचे पाच चमचे. पेट्रोलची घनता साधारण घनमीटरला 720 ते 775 किलोच्या दरम्यान हवी. पण खरी मेख या पट्ट्यात नाही. टँकरच्या चलनावर जो आकडा आला, त्याच्याशी टाकीतल्या मालाचा आकडा जुळला पाहिजे. तीनपेक्षा जास्त फरक पडला तर खुलासा मागायचा. फिल्टर पेपरवर एक थेंब टाकला आणि तो डाग न ठेवता उडाला, तर बरे.

यातले काहीच न करता लोक शंभरऐवजी एकशेदहाचे पेट्रोल मागतात आणि फसवणूक टळली म्हणून खूश होतात. यंत्रात मीटर फिरतो, त्याचे फेरे पल्सर नावाचा भाग मोजतो आणि आकडे पडद्यावर येतात. गडबड त्या मोजणीतच असेल, तर शंभर काय आणि एकशेदहा काय! 2017 साली आधी लखनौला छापे पडले आणि मग ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रभर छापे घातले, तेव्हा हीच मोजणी चिप बसवून बिघडवलेली सापडली. पडद्यावर शून्यापासून आकडे नीट चढत होते. टाकीत कमी पडत होते. ‘झिरो बघा’ म्हणणारा पोरगा खोटे बोलत नव्हता. आणि हे पंप नामांकित कंपन्यांच्या फलकाखालचेच होते.

सहकारी पंपावर माणसे देवमाणसे असतात, असे म्हणणे नाही. फरक हिशेबाचा आहे. तिथला कामगार पगारी. मापात मारलेला लिटर त्याच्या खिशात सहज जात नाही. मालकही एक नसतो, हजारो सभासद असतात, आणि कोल्हापूरचा सभासद म्हणजे काय चीज आहे हे इथल्या वार्षिक सभा पाहिलेल्यांना सांगायला नको. ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांच्या गदारोळात माइक हिसकावले जातात, मंडपाबाहेर समांतर सभा भरते. या गोंधळाला नावे ठेवली जातात, पण कमी मापाची तक्रार घेऊन उभे राहायला तेवढी एक जागा तरी आहे. मोठ्या कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर ती सोय मला कधी दिसली नाही.

साखर कारखान्यांच्या पंपांचा बाज वेगळा. हंगामात दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, डिझेल चिठ्ठीवर मिळते आणि रक्कम पुढे वाहतुकीच्या बिलातून कापली जाते. रोख हातात नसलेल्या वाहतूकदाराला दुसरा पंप कितीही चकचकीत असला तरी काय उपयोग?

याच उधारीत सहकाराचे दुखणेही आहे. तेल कंपनीला पैसे आधी भरावे लागतात, मगच टँकर सुटतो. ज्या संस्थेची उधारी तुंबली, संचालकाच्या पाहुण्याची चिठ्ठी थांबवायची हिंमत कोणात नाही, तिच्या पंपावर आधी डिझेल संपते आणि मग गिऱ्हाईक. संघाचेही जुने वैभव ओसरले आहे. ‘आशिया खंडात नावाजलेला’ हे विशेषण वर्तमानपत्रे अजून लावतात, ते बरेचसे सवयीने.

तरीही पंप चालवणाऱ्या सहकारी संस्था वाढणार, अशी चिन्हे आहेत. गावोगावच्या विकास सोसायट्यांना पेट्रोल पंप घेता यावेत म्हणून केंद्राच्या सहकार खात्याने 2023 मध्ये वाट मोकळी केली. पीककर्ज वाटून मार्चअखेर वसुलीच्या मागे धावणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला आता टाकीत डिपस्टिक घालून साठाही मोजावा लागेल. त्याला पाच लिटरचे माप मागायला पहिला कोण जातो, ते पाहायचे.