पायथॉन बदललं आणि टर्मिनल रुसलं

टी. नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने उबुंटू २२.०४ वर पायथॉन ३.१२ टाकलं आणि जोशात 'पायथॉन३' ही लिंकच नव्या आवृत्तीकडे वळवली. झालं, टर्मिनल उघडेना! गडी थेट फॉरमॅट मारायला निघाला होता.

मंडळी, एवढी घाई नको. या उबुंटूत टर्मिनल सुरू करणारी फाइलच मुळात पायथॉनमध्ये लिहिलेली आहे. तिला लागणारी 'जीआय' लायब्ररी सिस्टिमच्या ३.१० साठी बांधलेली, ३.१२ ला ती चालत नाही. 'एप्ट_पीकेजी सापडत नाही' ही रडही त्यातलीच.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि लिंक परत ३.१० कडे न्या. टर्मिनल उघडतं.

नवी आवृत्ती हवीच असेल तर तिला 'पायथॉन३.१२' अशी पूर्ण नावाने हाक मारा आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह (स्वतंत्र पायथॉन वातावरण) करा. 'डेडस्नेक्स' या पॅकेज-भांडारातून ती घेतली असेल तर व्हेन्व्हचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. इथे भलेभले अडकतात. त्यानंतरही जुना कोड 'डिस्टयुटिल्स' मागत बसला, तर कारण साधं आहे: ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ते काढूनच टाकलंय. त्या व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्स टाका, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.