घट बसला!

ऐन नवरात्रातली गोष्ट. पाचवी माळ होती. सकाळचा चहा नुकताच झाला होता, एवढ्यात फोन वाजला. आमच्या सौभाग्यवतींनी तो घेतला, क्षणभर ऐकले आणि हसत हसत माझ्या हातात दिला. "तुमची भाची म्हणते आहे, घट बसला. नवरात्रात नाही बसायचा तर केव्हा?"

भाचीला मात्र हसू सुचत नव्हते. "मामा, माझा घट पार बसला हो! सर म्हणतात, तुझा पडदाच बिघडला, उघडून टाकून दे आणि नवा कर. माझी तीन वर्षं गेली की यात!"

हा घट मातीचा नव्हे, इंधन-घट. 'सेल'ला घट म्हणण्याची खोड तिला माझीच लागलेली. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले. पोरगी एका प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी याच घटाचा पडदा तयार करीत असते.

हे यंत्र काही नवे नाही. विल्यम ग्रोव्ह नावाच्या वेल्श गृहस्थाने १८३९ साली त्याचे तत्त्व दाखवून दिले. गृहस्थ पेशाने वकील आणि पुढे चक्क न्यायाधीश! पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. त्याने उलटे केले, दोन्ही वायू एकत्र आणले आणि वीज मिळवली. भाचीच्या घटात एका अंगाने हायड्रोजन येतो. तिथे प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. त्यांच्यावर हायड्रोजनचा रेणू फुटतो. त्याचे प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घेतात आणि तीच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडली की उरते पाणी. धूर नाही, काजळी नाही. अपोलो यानांतील अंतराळवीर आपल्या इंधन-घटांतले हे पाणी पीत असत.

"किती व्होल्ट देतोय?" मी विचारले.

"०.६८ द्यायचा. पंधरा दिवस झाले, ०.४५च्या वर येतच नाही. पडदा सुकला का पाहिलं, पाणी तुंबलं का पाहिलं. सगळं ठीक आहे."

"हायड्रोजनचा सिलिंडर कधी बदललास?"

पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर आले, "पंधरा दिवस झाले. पण मामा, त्यावर ९९.९ टक्के शुद्ध म्हणून लिहिलंय!"

इथेच सारी मेख आहे. आपण गृहिणीच्या नजरेने विचार करतो : हजार दाण्यांत एक खडा, त्याचे एवढे काय? परंतु खडा किती यापेक्षा कोणता, हे महत्त्वाचे. नायट्रोजन किंवा हेलियम थोडा आला तर तो जागा अडवतो, एवढेच. कार्बन मोनॉक्साइडचे तसे नाही. प्लॅटिनमला खाणावळ समजा. हायड्रोजन हे शहाणे गिऱ्हाईक. आले, जेवले, उठले. कार्बन मोनॉक्साइड एक चहा मागवून दिवसभर खुर्ची अडवणारा. असे थोडेच जमले तरी धंदा बसतो. ऐंशी अंशांच्या घटात दहा लाखांत दहा भागांनीही व्होल्टेज चांगलेच उतरते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. तोच हा वायू. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाचे जे, तेच घटाचे!

म्हणून मोटारीच्या हायड्रोजनसाठी आयएसओ १४६८७ या मानकाने ९९.९७ टक्के शुद्धता तर मागितलीच, शिवाय एकेका दुष्टाला वेगळी वेसण घातली. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२, म्हणजे पन्नास लाखांत एक. अमोनिया ०.१, कारण तो पडद्यातच शिरून प्रोटॉनची वाट अडवतो. आणि गंधक? ०.००४, पंचवीस कोटींत एक! गंधक प्लॅटिनमला असे धरते की शुद्ध हायड्रोजन देऊनही सोडीत नाही.

ही घाण येते कुठून? पाण्याचे विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न सहसा नसतो. पण नैसर्गिक वायूवर वाफ सोडून तो काढला, की कार्बन मोनॉक्साइड बरोबर जन्मतोच. मग गाळत बसा. ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी विकसित केलेली इंधन-घटाची बस पुण्यात दाखवली गेली, तेव्हा सगळ्यांना बसचे कौतुक. मला मात्र चिंता पंपाची. पेट्रोलमध्ये भेसळ झाली तर इंजिन खोकते, पण चालते. इथे एका वाईट टँकरमागे किती गाड्यांचे घट बसतील?

उपाय आहेत. प्लॅटिनमला रुथेनियमची जोड दिली की ते अधिक सहन करते. लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली हायड्रोजनमध्ये चिमूटभर हवा मिसळून कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकण्याची युक्ती सांगितली. दोनशे अंशांच्या आसपास चालणारे फॉस्फरिक आम्लाचे घट तर टक्काभर कार्बन मोनॉक्साइडही पचवतात. उष्णतेत तो चिकटून राहू शकत नाही.

पण हे सारे भाचीला सांगण्याची ती वेळ नव्हती. "अगं, घट उघडू नकोस," मी म्हटले. "जुन्या सिलिंडरात थोडा वायू उरला असेल, तो लाव. व्होल्टेज चढले तर कार्बन मोनॉक्साइड. जागचे हलले नाही, तर मात्र गंधकाचा संशय. मग सर म्हणतील तसे कर."

दुपारी तीनला फोन. "०.५५, मामा!" पाचला ०.६२. रात्री नऊच्या सुमारास ०.६७वर येऊन घट स्थिरावला. पडदा निर्दोष होता. सरांनी तिच्यादेखत त्या नव्या सिलिंडरवर खडूने भली मोठी फुली मारली, आणि पंधरा दिवसांची सगळी रीडिंगे पुन्हा घ्यायला सांगितली.

मी फोन ठेवला तेव्हा सौभाग्यवती देवापुढचा दिवा सारखा करीत होत्या. "काय हो, पाचव्या माळेलाच उठला का घट?"