अक्षरांतून विद्युत परिपथ : एक प्रारंभिक परिचय

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना पर्शियन घ्यावी लागली. ज्ञान कोणासाठी खुले आणि कोणासाठी बंद, हा आपल्या समाजाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. आज या दाराला किमतीचेही कुलूप असते. इलेक्ट्रॉनिक्स शिकू पाहणाऱ्या वसतिगृहातील मुलामुलींना ते लगेच जाणवते. मोजमापाची उपकरणे महाग, आणि चुकीच्या जोडणीने एखादा भाग जळाला की तो पुन्हा विकत आणावा लागतो. या अडचणीवरील एका विनामूल्य साधनाची ओळख केडगाव परिसरातील पालकांना व माजी विद्यार्थ्यांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

त्याचे नाव 'स्पाइस'. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडविले आणि १९७३ मध्ये जगापुढे मांडले. विद्यापीठाने ते इतरांना मुक्तपणे वापरू दिले, म्हणून ते जगभर पसरले. त्याच परंपरेतील 'एनजीस्पाइस' आज कोणालाही मोफत मिळते. आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईतील 'फॉसी' प्रकल्पाने त्याच्याच आधारे 'ईसिम' हे साधन तयार केले आहे.

स्पाइसला चित्र लागत नाही. परिपथ अक्षरांत लिहावा लागतो. जिथे दोन भाग एकमेकांस जोडले जातात, त्या प्रत्येक जोडबिंदूस क्रमांक द्यावा. शून्य हा क्रमांक भूसंपर्कासाठी राखीव असतो. मग प्रत्येक भागासाठी एक ओळ लिहावी : भागाचे नाव, त्याच्या दोन टोकांचे जोडबिंदू आणि मूल्य. नऊ व्होल्टचा विद्युतघट आणि एकसरीत जोडलेले दोन रोध असे लिहिता येतील :

माझा पहिला परिपथ
व्ही१ १ ० ९
आर१ १ २ १के
आर२ २ ० २के
.ऑप
.एंड

येथे देवनागरीत दिलेला हा मजकूर संगणकावर रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टंकित करावा. 'व्ही' म्हणजे विभवांतराचा स्रोत, 'आर' म्हणजे रोध, 'के' म्हणजे हजार. '.ऑप' ही स्थिर अवस्थेतील मूल्ये काढण्याची आज्ञा आहे. फाइल जतन करून आज्ञापटलावर 'एनजीस्पाइस -बी' आणि पुढे फाइलचे नाव लिहावे. दुसऱ्या जोडबिंदूवर ६ व्होल्ट असे उत्तर येते. ओहमच्या नियमानेही तेच येते : एकूण रोध ३,००० ओहम, धारा ३ मिलिअँपिअर, म्हणून २,००० ओहमच्या रोधावर ६ व्होल्ट.

नवशिक्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ओळ नेहमी शीर्षकच मानली जाते. तेथे एखादा भाग लिहिल्यास तो गणनेतून सुटतो. 'एम' हे अक्षर, मोठे असो वा लहान, सहस्रांश दर्शविते. दशलक्षासाठी 'मेग' लिहावे लागते. आणि घटाच्या धारेपुढे उणे चिन्ह दिसले तर घाबरू नये : स्पाइस घटाच्या धन टोकातून आत जाणारी धारा धन मानते, आणि आपला घट तर धारा बाहेर देत असतो.

यानंतर एक रोध बदलावा, उत्तराचा अंदाज वहीत मांडावा आणि मगच संगणकास विचारावे. येथे चुकीने काही जळत नाही, म्हणून प्रश्न विचारण्याचे भय उरत नाही. तथापि संगणकाचे उत्तरही प्रमाणग्रंथ मानू नये. केवळ परंपरेने वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. प्रत्यक्ष रोध काही टक्क्यांनी कमीअधिक असतात, घट उतरत जातो. म्हणून शेवटी दोन रोध, एक घट आणि साधा मल्टिमीटर घेऊन पडताळा घ्यावाच.

एवढ्या छोट्या परिपथासाठी जुना संगणकही पुरतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, तंत्रज्ञ झाले आहेत, त्यांनी वापरात नसलेला एक संगणक आणि महिन्यातील एक रविवार आपल्या धाकट्या भावंडांना दिला, तर हे कुलूप उघडण्यास फार काळ लागणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!