इंटरकूलर केवढा असावा?

टर्बोचार्जर लहान एंजिनांत हवा दाबून भरतो. परंतु दाबलेली हवा तापते व तापल्यामुळें हवी तितकी दाट होत नाहीं. ३० अंश सेंटिग्रेडची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली, कीं ती सुमारें १२० अंशांवर पोंचते. इंटरकूलरनें ती ५० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला तिची घनता सुमारें एक-पंचमांशानें वाढते आणि पिस्टन निकामी करणाऱ्या नॉकिंगचें भय ओसरतें.

मग मोठ्यांत मोठा इंटरकूलर घ्यावा काय? तसें नव्हे. त्याची पोकळी भरेपर्यंत गाडी रेंगाळते, आणि त्याच्या मागें असलेल्या रेडिएटरचा वारा अडतो. उलट फार लहान घेतल्यास अरुंद नळ्यांतच दाब खर्ची पडतो. तेव्हां माप ठरवावें तें एंजिनाला दर मिनिटास लागणाऱ्या हवेवरून. हवा पुरेशी निवते आणि दाब फारसा घटत नाहीं, तेंच माप योग्य.